पाहुण्यांच्या आधी एसटी

वृत्तपत्राच्या परभणी कार्यालयात असताना एकदा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांवर छोटी लेखमाला करायचं ठरलं. पुरवणी विभागाने प्रश्न तयार करून दिले होते. त्यातला पहिला होता : तुमचे प्राधान्यक्रम कोणते? ज्यांना आधी भेटलो त्यांची उत्तरं जवळपास सारखी होती. विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास, ग्रामीण भागातून राष्ट्रीय खेळाडू, सुसज्ज मैदान. शहरातल्याच एका महाविद्यालयात या पदावर एक बाई होत्या. त्यांच्यासमोर तोच कागद ठेवला. त्यांनी प्रश्न वाचला, खिडकीतून मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पहिलं म्हणजे ताडकळसची संध्याकाळची एसटी."

त्यांना विनोद करायचा असेल असं वाटलं.

"आणि दुसरं?"

"आधी पहिलं तर होऊ द्या. ते झालं की दुसऱ्याचं बघू."

हे उत्तर त्या लेखमालेत बसणारं नव्हतं. पुरवणीत शेवटी सर्वांगीण विकासच छापून आला. पण पुढे दोन-तीन हंगाम त्या मैदानावर जाणं-येणं राहिलं, कारण आंतरमहाविद्यालयीन खो-खोचे निकाल तिथूनच मिळत, आणि बाई निकाल अचूक सांगत. कोण किती मिनिटं पळालं, कोण खांबावर बाद झालं, हे त्यांना विचारावं लागत नसे.

त्यांच्या खोलीच्या दारावर 'शारीरिक शिक्षण संचालक' अशी पाटी होती. आत एक लोखंडी कपाट, कोपऱ्यात चुन्याची पोती आणि हवा गेलेले व्हॉलीबॉल. बाई चाळिशी ओलांडलेल्या, पाथरीकडच्या एका गावच्या, स्वतः विद्यापीठाकडून खो-खो खेळलेल्या. महाविद्यालयात त्यांना सगळे मॅडम म्हणत. मुलींच्या घरी मात्र त्यांचं नाव 'खेळाच्या बाई' असं पडलं होतं. त्यांच्या कामाचा मोठा भाग मैदानावर होतच नसे. ध्वजवंदनाची कवायत, योग दिनाचे फोटो, तपासणी समितीची फाईल, स्नेहसंमेलनात मुलांना आवरणं, हे सगळं त्यांच्याकडे होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी बाहेरची पोरं पहाटे मैदानावर पळत. त्यांनी खो-खोच्या आखणीवरून पळू नये, यासाठी बाई स्वतः पहाटे तिथे उभ्या राहत.

मुलींच्या संघात बारा जणी होत्या. त्यातल्या पाच ताडकळसच्या रस्त्यावरच्या गावांतून येत. या पाचही घरी बाई जाऊन आल्या होत्या. घरच्यांचा खेळाला विरोध होता असं नाही. विरोध अंधाराला होता. म्हणून सराव एसटीच्या वेळेवरून उलटा मोजून ठरे. दुसऱ्या ठिकाणी प्रशिक्षक कवायत पूर्ण झाली की शिट्टी वाजवतात. इथे पाठलाग अर्धा असताना शिट्टी वाजे आणि पाच मुली मैदान सोडून पळत सुटत. उरलेल्या सात जणी मग लंगडा सराव करत. बघणाऱ्याला हे विचित्र वाटे. एकदा एका पंचांनी बाईंना तसं म्हणूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "पाच नसल्या तर लंगडा सराव होतो. पाच सुटल्या तर संघच होत नाही."

या पाच जणींतली एक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं गाव ताडकळसच्या पुढे आत होतं. वडिलांची कापूस-सोयाबीनची कोरडवाहू जमीन, दोन म्हशी. मुलगी अंगाने किरकोळ, पण खांबावर सूर मारण्यात तिच्या तोडीची दुसरी त्या वर्षी जिल्ह्यात नव्हती. पळणारी खांबाला वळसा घालते तेव्हा पाठलाग करणारीचा वेग कमी होतो. हिचा वाढायचा. तिला सात नंबरची जर्सी होती. वडिलांनी परवानगी देताना बाईंना एकच अट घातली होती. दिवे लागायच्या आत पोरगी दारात पाहिजे. एक दिवस चुकला की खेळ बंद, आणि मग कॉलेजचंही बघू.

बाईंनी त्यांना शब्द दिला होता. तिकडच्या भाषेत, जबान दिली होती.

त्या वर्षीची जिल्ह्याची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा याच महाविद्यालयाच्या मैदानावर झाली. हिवाळ्याचे दिवस होते, सूर्य लवकर खाली जायचा. यजमान मुलींचा संघ अंतिम फेरीत पोचला. अंतिम सामना दुपारी होणार होता. संस्थेने एका बड्या पाहुण्यांना बोलावलं होतं. आपल्याकडचा शिरस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुणे येणार, हार-शाल होणार, भाषणं होणार, मग पाहुणे मैदानात उतरून एकेका खेळाडूशी हात मिळवणार, त्यांच्याच हस्ते नाणेफेक होणार आणि मग सामना. त्याच्या आधी कोणी खो म्हणत नाही.

पाहुणे आले नाहीत. आधी ते निघाले असं कळलं, मग निघायचेत असं कळलं, मग वाटेत एका लग्नाला थांबलेत असं कळलं. दोन्ही संघ अंग गरम करून बसले होते, पुन्हा उठून पळाले, पुन्हा बसले. मांडवात संस्थेचे सचिव आणि प्राचार्य रस्त्याकडे तोंड करून बसले होते. बाई मैदानाच्या कडेला उभ्या होत्या आणि आळीपाळीने घड्याळाकडे आणि खांबांच्या सावलीकडे पाहत होत्या. पाच मुली त्यांच्याकडे पाहत होत्या.

"मॅडम, काय करायचं?" सात नंबरवालीने विचारलं.

"बूट बांधून बस."

"बांधलेतच की मॅडम. लय येळ झाला. पाय आखडायलेत."

दुसरी म्हणाली, "पावन्याला सांगा मॅडम, तिकडंच जेवा आन् तिकडंच भाषन करा."

मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्या पंचांकडे गेल्या आणि नाणं त्यांच्या हातात दिलं. नाणेफेक झाली. शिट्टी वाजली तेव्हा मांडवात खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सचिव उभे राहिले होते.

प्राचार्यांनी लगेच शिपायाला पाठवलं. शिपाई बाईंजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, सर म्हनायलेत थांबवा."

"सरांना सांगा, डाव सुरू झाला की पंचांशिवाय कोणी थांबवत नसतं."

शिपाई पंचांकडे गेला. पंच पूर्णेचे होते, रेल्वेतली नोकरी सांभाळून पंचगिरी करत. त्यांनी शिपायाला हाताने आखणीच्या बाहेर व्हायला सांगितलं, कारण तो आत उभा होता.

पाहुणे आले तेव्हा दुसरा डाव चालू होता. गाड्यांची धूळ मैदानावर आली. सचिवांनी दोन्ही हात उंचावून थांबण्याची खूण केली. ती पंचांना दिसली नाही, किंवा त्यांनी पाहिली नाही. पाहुणे स्वतः मात्र निवांत होते. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चालू द्या हो, आम्हीच उशिरा आलोय." सात नंबरच्या मुलीने खांबावर सूर मारून विरुद्ध संघाची शेवटची खेळाडू बाद केली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत ते होते. यजमान संघ एक गुण आणि थोडा वेळ राखून जिंकला.

त्यानंतर जे झालं ते फार भराभर झालं. महाविद्यालयाकडे नंबरच्या जर्सींचा एकच संच होता. मुलींनी घरी नेला तर एखादी तरी हरवते, म्हणून प्रत्येक सामन्यानंतर जर्सी परत घ्यायच्या आणि बाईंनी त्या स्वतःच्या घरी धुवायच्या, अशी रीत होती. पाच मुलींनी मुलींच्या खोलीत जाऊन जर्सी उतरवल्या, आपले कपडे चढवले आणि जर्सी टेबलावर ठेवल्या. बाई त्यांना घेऊन फाटकाबाहेरच्या थांब्यावर गेल्या. एसटी आली. पाचही जणी आत चढल्याचं पाहिल्याशिवाय त्या तिथून हलल्या नाहीत. मी निकाल लिहून घेऊन त्याच वेळी कार्यालयाकडे निघालो होतो. थांब्यावर त्या दिसल्या. अभिनंदन केलं तर म्हणाल्या, "जागा मिळाली पाचींना. बरं झालं."

इकडे मांडवात बक्षीस समारंभ सुरू झाला होता. पाहुण्यांना निघायची घाई होती. विजेता संघ बोलावला तर सात मुली पुढे आल्या. करंडक मोठा होता, मुली सात. सचिव म्हणाले, "संघ बाराचा असतो ना? फोटोत बारा पाहिजेत." पाहुण्यांसमोर पाच मुली कमी दिसणं त्यांना बरं वाटलं नसावं. दिवसभर पाणी वाटणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुली तिथेच होत्या. टेबलावरच्या पाच जर्सी त्यांना देण्यात आल्या. त्यांनी त्या आपल्या कपड्यांवरूनच चढवल्या. फोटो झाला. पाहुणे गेले. बाई परत आल्या तेव्हा मांडवाच्या दोऱ्या सुटत होत्या.

प्राचार्यांनी त्यांना थांबवून विचारलं, "मॅडम, तुम्हाला संस्थेपेक्षा एसटी मोठी झाली का?"

"एसटी थांबत नाही, सर," बाई म्हणाल्या. "पाहुणे थांबले."

फोटोचं त्यांना त्या दिवशी कोणी सांगितलं नाही.

तो फोटो महाविद्यालयाकडून कार्यालयाच्या मोबाइलवर आला आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर तीन स्तंभांत छापला गेला. बातमीत सात नंबरच्या मुलीचं नाव आणि गाव होतं, उत्कृष्ट आक्रमक म्हणून. फोटोत सात नंबरची जर्सी पुढच्या ओळीत, अगदी पाहुण्यांच्या शेजारी होती. आत उभी होती ती पहिल्या वर्षाची, गोल चेहऱ्याची, शहरातली मुलगी. करंडकाचा एक कान तिने धरला होता.

सोमवारी मुलगी सरावाला आली नाही. मंगळवारीही नाही. बाईंनी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या मुलीला विचारलं. तिने खाली बघत सांगितलं, "तिच्या अण्णानं बंद केलंय मॅडम. पेपरामुळं." पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी होती. चाचणीला हजर नसलेल्या खेळाडूचा विचार होत नाही.

दुपारी बाईंचा फोन कार्यालयात आला. त्या रागावलेल्या नव्हत्या, निदान आवाजावरून तसं वाटलं नाही. म्हणाल्या, "फोटो आमच्या लोकांनी काढला, छापला तुमच्या लोकांनी. आपण दोघं जाऊ."

गेलो. मुलीचे वडील घरापुढच्या अंगणात कापसाच्या ढिगाजवळ बसले होते. बुटके, उन्हाने रापलेले, बोलताना समोरच्याकडे न बघता ढिगातल्या काड्या वेचणारे. बाई आल्याचं पाहून त्यांनी घोंगडी टाकली, पाणी मागवलं. मुलगी पाण्याचा तांब्या ठेवून दाराच्या आत उभी राहिली.

बाईंनी सरळ विचारलं, "अण्णा, मी जबान मोडली का?"

"न्हाई. पोरगी टायमात घरी आली. तुमची जबान तुमी पाळली." त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "माझी गेली."

"कशी?"

"कशी म्हंजे? आदल्या राती पोरीनं सांगितलं, जिंकलो, पेपरात येईल. सकाळी म्या ताडकळसला गेलो. बाजाराचा दिवस. हाटेलात पेपर आला. चार मानसं बसलेली. म्या म्हणलं, बघा हो, मपल्या पोरीचा फोटू हाय, सात लंबरचा. त्येनी बघितलं. एक म्हनतो, पोरगी तर लय गोरी दिसायली, आईवर गेली व्हय? दुसरा म्हनतो, बाप इथं आन् पोरगी कुनाची?"

दाराआडून हसू दाबल्याचा आवाज आला. वडिलांनी तिकडे पाहिलं. आवाज थांबला.

मी त्यांना बातमी दाखवली. नाव होतं, गाव होतं, उत्कृष्ट आक्रमक असं स्पष्ट छापलं होतं.

"नाव कुनाचंबी छापतेत," ते म्हणाले. "फोटू खोटा नसतो."

बाईंनी त्यांना टेबलावरच्या जर्सींपासून सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही, सचिवांचं बोलणंसुद्धा. ऐकून घेताना त्यांचे हात काड्या वेचायचे थांबले होते.

"म्हंजे पोरी कमी पडल्या म्हनून दुसऱ्या उभ्या केल्या? बैलपोळ्याला बैल कमी पडला तर शेजाऱ्याचा आनतेत तसं?"

"तसंच," बाई म्हणाल्या.

"मंग फोटू परत काढा. आन् परत छापा." हे मला उद्देशून होतं.

मी सांगितलं की फोटो पुन्हा छापता येत नाही, दोन ओळींचा खुलासा देता येईल.

"दोन वळी हाटेलात कोन वाचतंय?"

ते बरोबर होतं. खुलासा पुढे छापला गेला, तळाच्या कोपऱ्यात, आणि त्याबद्दल कोणाचाही फोन आला नाही.

मग मुलगी दारातून बाहेर आली. बोलायचं की नाही हे ठरवताना तिला बराच वेळ लागला असावा, पण बोलली ती एका दमात. "अण्णा, थांबले असते तर फोटूत मीच आले असते की. करंडक माझ्याच हातात दिला असता. तुमीच म्हणलात दिवे लागायच्या आत. म्या फोटू सोडून एसटी धरली. आता फोटूत न्हाई म्हनून घरी बसवायलात. मंग म्या करावं काय, ते तरी सांगा."

"लय बोलायलीस."

"खरं हाय का न्हाई, इतकंच सांगा."

वडिलांनी बाईंकडे वळून विचारलं, "ह्ये बक्षिसाचं किती येळ चालतं?"

"पाहुण्यांवर असतं."

"आन् पावना कदी येतो?"

"ते कोणालाच माहीत नसतं, अण्णा."

ते पुन्हा काड्या वेचू लागले. ढिगाकडेच बघत म्हणाले, "पुढल्या बारीला फोटू होऊस्तोर थांबवा तिला. म्या गाडी घिऊन येतो. पन म्या दिसल्याबिगर फाटकाच्या भाईर सोडायचं न्हाई."

"कबूल," बाई म्हणाल्या. त्यांनी बाकी काही मागितलं नाही आणि फार वेळ बसल्याही नाहीत. परतताना रस्त्यात एवढंच म्हणाल्या, "आता बाकीच्या चौघींच्या घरचं बघायचं. त्यांचे बाप पेपर वाचत नाहीत."

निवड चाचणी पाथरीला होती. मुलीचे वडील संध्याकाळी येतील असं बाईंनी धरलं होतं. ते सकाळीच मोटारसायकलवर आले, स्वच्छ पांढरा सदरा घालून. गाडी झाडाखाली लावून तिच्याजवळच उभे राहिले. चाचणीत समारंभ नसतो. मांडव नसतो, पाहुणे नसतात, फोटोवाला नसतो. निवड समितीचे तिघे खुर्च्यांवर बसतात, मुलींना आळीपाळीने पळवतात आणि पाठलाग करायला लावतात. वडिलांनी बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "फोटूवाला कुठं हाय?"

आज फोटो नसतो, असं सांगितलं.

"मंग लोक आले कामून?"

त्यांनी मुलीला खेळताना याआधी पाहिलं नव्हतं. ती पहिल्यांदा सूर मारून मातीवर आदळली तेव्हा ते दोन पावलं पुढे गेले. ती उठली, खो दिला आणि जागेवर बसली. तेव्हा ते मागे आले. दुसऱ्यांदा ते जागचे हलले नाहीत. तिसऱ्यांदा शेजारच्या माणसाला म्हणाले, "खांब सोडीत न्हाई बघा ती." शेजारचा माणूस सेलूकडच्या एका मुलीचा मामा होता. तो म्हणाला, "आमची बी न्हाई सोडत." मग दोघांचं तिथे काही काळ चाललं.

दुपारच्या आत नावं वाचून दाखवली गेली. सात नंबरच्या मुलीचं नाव त्यात होतं. मुली ओरडल्या. बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि मग तिच्या वडिलांकडे आल्या, कारण नावांनंतर समितीने आणखी एक गोष्ट वाचली होती. निवडलेल्या मुलींचं सराव शिबिर, दरवर्षीसारखंच, नांदेडला, विद्यापीठात, आणि मुक्काम तिथेच.

"मुक्काम म्हंजे राती तिकडंच?" वडिलांनी विचारलं.

"हो. मुलींच्या वसतिगृहात. मी सोबत राहीन."

"किती दिस?"

"आठ."

ते गाडीपाशी गेले. मुलगी त्यांच्या मागे गेली. बाई जागीच थांबल्या. हातातली शिट्टी त्यांनी गळ्यात अडकवली, काढली, परत अडकवली. वडील फडक्याने गाडीची सीट पुसत होते. तिच्यावर पुसण्याजोगं काही दिसत नव्हतं.

"आठ दिस म्हशीचं कोन बघंल?" ते म्हणाले.

"काकी बघती म्हनली."

"कदी इचारलंस?"

"काल," मुलगी म्हणाली आणि गाडीवर मागे बसली.